लंडीखान्याच्या अलीकडे

सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला लढाईच्या गोष्टी नव्या नाहीत. तरी लढाऊ वैमानिक म्हटला की डोळ्यांपुढे आभाळच येतं. दिलीप कमलाकर परुळकरांची खरी कसोटी मात्र जमिनीवर लागली.

ते १९६३ साली हवाई दलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात विमानाला गोळ्या लागल्या, उजवा खांदा जखमी झाला. पॅराशूटनं उडी घे, असं सांगितलं जात असतानाही त्यांनी विमान तळावर आणून उतरवलं. वायुसेना पदक मिळालं. १० डिसेंबर १९७१ ला मात्र त्यांचं सुखोई पाडलं गेलं आणि ते पाकिस्तानच्या हाती सापडले.

युद्ध संपलं, शिमला करार झाला, कैदी तिथेच. रावळपिंडीच्या छावणीत परुळकरांनी सुटकेचा ध्यास घेतला. जोडीला मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. विटांभोवतीचा चुना गुपचूप खरवडायचा, भगदाड झाकून ठेवायचं. बाकीचे वैमानिक पहाऱ्यावर नजर ठेवत. हे तिघे निसटले की राग आपल्यावर निघणार, हे त्यांना ठाऊक होतं. मला त्यांचं धैर्य तसूभरही कमी वाटत नाही.

१९७२ च्या ऑगस्टमधल्या एका वादळी रात्री तिघे बाहेर पडले. बसनं पेशावर, टांग्यानं जमरूद, पुढे लंडीकोतल. अफगाण सरहद्द राहिली होती जेमतेम चार-पाच मैल; महाद्वार रोडपासून आपला उजळाईवाडीचा विमानतळही त्याहून लांब! नकाशात पुढचं ठिकाण लंडीखाना, म्हणून त्यांनी तिथं जायची चौकशी केली. पण ते रेल्वेस्थानक १९३२ सालीच बंद झालेलं. तहसील कचेरीतल्या अर्जनवीसाला संशय आला. अफगाणिस्तानात पळणारे हे बंगाली असावेत, असं त्याला वाटलं.

तिघे पकडले गेले. हेर म्हणून गोळी घातली जाण्याचा धोका समोर होता. तेव्हा परुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी उस्मान हमीद यांना फोन लावायला लावला. हमीद पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. माणसं आमचीच आहेत, असं त्यांनी सांगितलं आणि तिघांचे प्राण वाचले. शत्रूच्या अधिकाऱ्याचा हा मोठेपणाही आपण विसरू नये.

१ डिसेंबर १९७२ रोजी सगळे वाघामार्गे परतले. सरहद्द न गाठलेल्या त्या पलायनासाठी परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर म्हणून त्यांनी छात्र घडवले. ग्रुप कॅप्टन परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात निवर्तले.