विजेची वाट



मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते. नुसते पाणी साठून वीज होत नाही. त्याला नीट वाट करून द्यावी लागते.

सेंद्रिय सौरघटाचेही तसेच आहे. कार्बनी रेणूंच्या पातळ थरावर ऊन पडले की ऋणभार व धनभार वेगळे होतात. वाट न मिळाल्यास ते पुन्हा एकत्र येतात आणि ऊर्जा वाया जाते. म्हणून दोन्ही बाजूंना वाहक थर देतात. एक थर ऋणभाराला वाट देतो, दुसरा धनभाराला. असा थर आता अवघ्या एका रेणूच्या जाडीचाही करता येतो.

१९८६ साली टँग यांच्या घटाची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. आज प्रयोगशाळेत ती १९ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. टिकाऊपणा मात्र अजून कमी पडतो.

धरणाच्या विजेसाठी मुळशीची गावे बुडाली. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. छपरावरची वीज कुणाचे शेत बुडवीत नाही. मुलामुलींनो, हे काम रसायनशास्त्राचे आहे, आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आपल्या पुण्यातच, पाषाणला आहे. शाखा निवडताना एवढे ध्यानात ठेवा.