हावड्याचा कामगार आणि वादळानंतरची मदत

20 मे 2020 रोजी अम्फान चक्रीवादळ सुंदरबनजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा देशात टाळेबंदी होती. हावड्यातील ताग गिरण्या व ओतकाम कारखान्यांतील कामगारांची मजुरी आधीच आटली होती. त्यात घरांचे पत्रे उडाले, वीज गेली. शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाच्या हानीची निदान बातमी तरी झाली!

अशा वेळी कंपनीने आपल्या कामगारास मदत करावी, हे सर्वांनाच मान्य असते. प्रश्न असतो तो पैशाचा. कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या अनुसूचीत आपत्ती निवारणाचा समावेश 2019 मध्ये झाला. मात्र, केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर केलेला खर्च सामाजिक दायित्वाच्या 2 टक्क्यांत धरला जात नाही. हे योग्यच होय. मालकाचे कर्तव्य हा दानधर्म नव्हे. शिवाय, हावड्यातील दहा-वीस माणसांचे कारखाने या तरतुदीच्या कक्षेबाहेरच राहतात.

उरतो भविष्य निर्वाह निधी. 1952 च्या योजनेनुसार 2020 मध्ये नैसर्गिक आपत्तीसाठी 5,000 रुपये किंवा स्वतःच्या वर्गणीची निम्मी रक्कम, यांपैकी कमी असेल तेवढीच उचल मिळे. तीही कामगाराचीच बचत, आणि तिच्यासाठी नुकसानीचा दाखला आवश्यक.

खरी अडचण कंत्राटी मजुराची आहे. मदतीची यादी हजेरीपटावरून तयार होते आणि त्याचे नाव असते ठेकेदाराच्या वहीत. म्हणून ठेकेदाराच्या माणसांसह सर्वांचे पत्ते, बँक खाती आणि घर कच्चे की पक्के, ही नोंद कारखान्याने एप्रिलमध्येच, वादळांच्या हंगामापूर्वी करून ठेवली पाहिजे.