नुकसान कुणी भरून द्यायचं?

(परभणीतील तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तुमच्यातले जे वकिली शिकतात त्यांना ‘टॉर्ट’ हा शब्द लवकरच भेटतो. मराठीत त्याला अपकृत्य म्हणतात. बाकीच्यांनी तो ऐकलाही नसेल, पण त्याच्या जवळची गोष्ट आपल्याला घरात शिकवलेली असते: हुकूकुल इबाद. बंद्याचा हक्क मारला तर तो त्यालाच परत करायचा, नाहीतर त्याच्याकडूनच माफ करून घ्यायचा.

समजा, गंगाखेड रोडवर कुणी बेदरकार गाडी चालवून तुमचा पाय मोडला. पोलीस गुन्हा नोंदवतील, खटला सरकार चालवेल, दंड झाला तर तो बहुतेक वेळा सरकारजमा होईल. मग दवाखान्याचं बिल, बुडालेली मजुरी, कायमचं लंगडणं? त्याची भरपाई मागायचा रस्ता वेगळा आहे आणि त्यावर तुम्हालाच निघावं लागतं. फौजदारी खटल्यात आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. इथे तुमची बाजू जास्त संभवनीय ठरली तरी पुरतं. म्हणून तिकडे आरोपी सुटला तरी इकडचं दार आपोआप बंद होत नाही.

निष्काळजीपणाच्या दाव्यात न्यायालय पाहतं ते एवढंच: समोरच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का, ते त्याने मोडलं का, आणि त्यामुळेच नुकसान झालं का. नुसतं नुकसान पुरत नाही. तुमच्या किराणा दुकानासमोर कुणी दुसरं दुकान थाटलं आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं, तर तोटा खरा, पण दावा नाही. तुमचा कोणताही हक्क मोडलेला नाही. उलट तुम्हाला बेकायदा कोंडून ठेवलं, तर एका पैशाचाही तोटा न होता दावा उभा राहतो.

आपल्या मराठवाड्यातलंच प्रकरण घ्या. जुलै १९६३, औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. चंद्रिकाबाई खोडवा बाळंत झाल्या आणि त्यांची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. ताप उतरेना, पोटदुखी थांबेना. पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल निघाला. त्या वाचल्या नाहीत. पती अच्युतरावांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये परत दिले. टॉवेल काही आपोआप पोटात जात नाही. तिथे निष्काळजीपणा उघडच आहे. नोकराच्या चुकीला मालक जबाबदार, म्हणून सरकार जबाबदार. दवाखाना चालवणं हे काही सार्वभौम काम नव्हे, असंही न्यायालयाने सांगितलं. एवढं ठरायला तेहतीस वर्षं लागली!

तो ‘सार्वभौम’ शब्द नीट लक्षात ठेवा, कारण त्याच्या आड सरकार बराच काळ लपलं. मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेलं सोनं त्यांच्याच हवालदाराने पळवलं, तरी भरपाई नाही, असा १९६५ चा कस्तुरीलाल प्रकरणातला निकाल आहे. पोलीस सार्वभौम अधिकार वापरत होते म्हणे. १९९३ मध्ये ओडिशाच्या नीलाबती बेहेरांच्या मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण आलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने वाट काढली: जगण्याचा मूलभूत हक्कच मोडला असेल तर रिट याचिकेत हा बचाव चालणार नाही.

त्याच वाटेने आपल्या परभणीची एक आई गेली. ख्वाजा युनूस, इथला इंजिनिअर, घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये अटक झाला. जानेवारीत पोलीस म्हणाले, औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. तो पुन्हा कुणालाच दिसला नाही. २००५ मध्ये त्या प्रकरणातले आरोपी निर्दोष सुटले. आई आसिया बेगम उच्च न्यायालयात लढत राहिल्या. आधी तीन लाख, २०१२ मध्ये आणखी सतरा लाख. पोलिसांवरचा फौजदारी खटला मात्र वीस वर्षांनंतरही निकाली निघाला नव्हता. वीस लाखांत मुलगा मिळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण तुझ्या ताब्यात होता, हिशेब तुलाच द्यावा लागेल, हे सरकारला तेवढ्यापुरतं ऐकावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये याच शहरात अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. तो कायद्याचाच विद्यार्थी होता. त्याच्याही आईला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला.

आता व्यवहाराचं बोलू. आपली माणसं कोर्टात हरतात त्यापेक्षा उशिरा पोहोचल्यामुळे जास्त गमावतात, असं माझं मत आहे. बदनामी, बेकायदा कोंडून ठेवणं, द्वेषबुद्धीने खोटा खटला भरणं, यांच्या दाव्याला मुदत एक वर्ष. खोट्या खटल्यात ते वर्ष निर्दोष सुटल्यापासून मोजतात. वाहन अपघाताच्या दाव्याला २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर साधारणपणे दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले लोक यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. जाताना केस पेपर, औषधांच्या पावत्या, एफआयआरची प्रत बरोबर न्या.