गर्दीचा हिशेब

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलावं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी वेबसाइट किंवा ॲप लोकांसाठी खुलं होण्याआधी त्यावर खोटी गर्दी सोडायची आणि ते तग धरतं का हे बघायचं, हे माझं काम. गर्दी सोडायला प्रोग्राम असतात, ते सोपं आहे. अवघड असतो तो आधीचा हिशेब: गर्दी किती, कधी आणि कशी?

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेते. आपला दहावीचा निकाल आपल्याला शाळेत मिळाला. आता तो दुपारी १ वाजता ऑनलाइन लागतो. राज्यात साधारण १५ लाख मुलं परीक्षेला बसतात. ती २४ तासांत सारखी विभागली, तर सेकंदाला जेमतेम १७-१८ जण येतात. पण निकाल बघायला रात्री ३ वाजेपर्यंत कोण थांबतं? समजा, निम्मी मुलं पहिल्या अर्ध्या तासातच आली, तर सेकंदाला चारशेहून जास्त होतात. मुलं तीच, पण आकडा चोवीसपट!

दुसरा प्रश्न, आलेला माणूस थांबतो किती वेळ? अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक नियम गणिताने सिद्ध केला. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, म्हणजे एका वेळी आत असलेली माणसं. मधल्या सुट्टीत मिनिटाला १० मुलं नळावर आली आणि प्रत्येकाला ३ मिनिटं लागली, तर नळापाशी सरासरी ३० मुलं दिसणार. निकालाच्या साइटवर प्रत्येकी १ मिनिट धरलं, तर एका वेळी २५ हजार जण होतात. रेंज कमी असल्यामुळे तेच ३ मिनिटं झालं, तर ७५ हजार.

म्हणून ऑफिसच्या वेगवान इंटरनेटवरून एकच बैठक क्रमांक हजार वेळा टाकून केलेली चाचणी फसवी असते. तोच निकाल सर्व्हरने हाताशी ठेवलेला असतो, त्यामुळे उत्तर झटकन येतं. खऱ्या गर्दीत प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असतो. कोणी तो चुकीचा टाकतो. पान अडकलं, की मुलगा, बाबा आणि मावशी तिघंही आपापल्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा बटण दाबतात. साइट मंदावली, की गर्दी आणखी वाढते ती अशी.

हा अंदाज मोठमोठ्यांचाही चुकतो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी वेबसाइट सुरू झाली. एका वेळी ५०-६० हजार लोक येतील असं धरलं होतं, आले अडीच लाख. त्यात विम्याचे दर नुसते बघायचे असले तरी आधी खातं उघडावं लागत होतं, त्यामुळे सगळे एकाच दाराशी अडले. इतरही दोष होतेच. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली फक्त ६ जणांची.

आम्ही हिशेब मांडतो तो मागच्या नोंदींवरून. त्यात दिवसाची सरासरी न धरता सगळ्यात गर्दीचा तास धरतो, आणि त्या तासात किती जण नुसतं बघतात, किती अर्ज भरतात, किती पैसे भरतात, हे वेगवेगळं मोजतो. शेवटी मी टीमला एक प्रश्न विचारते: सगळ्यात कमी रेंजचा मोबाइल असलेली मुलगी यात धरली आहे का? निकाल तिला दहा मिनिटं उशिरा दिसला तर फारसं बिघडत नाही. पण प्रवेश अर्जाची मुदत संपायला तासच उरलेला असताना पान उघडलं नाही, तर तिचं वर्ष पणाला लागतं.

आपल्यातले बरेच जण आज शिक्षक आहेत, मुलांचे अर्ज भरून देतात. त्यांना एक विनंती. साइट अडकली तर नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. किती वाजता, कोणत्या पानावर, कोणत्या मोबाइलवर अडकली, एवढं लिहून कळवा. पुढच्या वर्षीचा आमचा हिशेब त्यावरूनच सुधारतो.