अम्मीच्या माहेरची गाडी

(रेडिओवरील भाषण, संपादित)

श्रोतेहो, मी सेमाडोहचा. सिपना नदीच्या काठचं, सागाच्या जंगलातलं माझं गाव. तिथं रेल्वे कधी आली नाही. तरी माझ्या लहानपणाच्या आठवणी रेल्वेशिवाय पुऱ्या होत नाहीत. अम्मीचं माहेर दर्यापूरचं. एस.टी.नं परतवाडा, टांग्यानं अचलपूर स्टेशन आणि पुढं 'शकुंतला'.

अडीच फूट रुंदीचे रूळ. अचलपूर ते मूर्तिजापूर 76 किलोमीटर. मूर्तिजापूरहून दुसरा फाटा यवतमाळला जायचा, 113 किलोमीटरचा. पथ्रोट, अंजनगाव करत आम्ही दर्यापूरला पोचायचो. तिथल्या स्टेशनचं नाव मात्र बनोसा. दरवेळी मला वाटायचं, आपण भलत्याच गावी उतरलो!

किलिक निक्सन कंपनीनं ही लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली ती वऱ्हाडच्या कापसासाठी. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढायच्या. तिथून मुंबई, मग मँचेस्टर. गाडीचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं. ते जाऊन 1994 साली डिझेल इंजिन आलं. स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारी झाली, पण हे रूळ कंपनीच्याच नावावर राहिले. गाडी चालवायची मध्य रेल्वे.

हे अम्मीला सांगितलं, तर म्हणाली, "कंपनीची कशी? आपली गाडी हाय ते!"

तिचं खरं होतं. फाटक लावायला गाडीतलाच माणूस खाली उतरायचा. तिकिटंही गाडीतलेच लोक फाडायचे. गाडी हळू चालायची, पण तिकीट एस.टी.पेक्षा कितीतरी स्वस्त. मजुराला, भाजीवालीला, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला वाचलेल्या वेळापेक्षा वाचलेला पैसा मोठा असतो.

2016 साली इथं ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. आज मात्र दोन्ही फाट्यांवरची गाडी बंद आहे. ती परत मिळावी म्हणून लोकांनी आंदोलनंही केली.

गाडी बंद झाल्यावर एकदा अम्मीला जीपनं माहेरी नेलं. अचलपूर सोडलं आणि बघता बघता दर्यापूर आलं. ती म्हणाली, "आलंबी? रस्त्यात कोणी भेटलंच नाही."

अम्मी आता नाही. नवे रूळ रुंद होवोत, गाडी वेगानं धावो. फक्त पथ्रोटच्या भाजीवालीला परवडेल असं तिकीट असावं, आणि तिच्या गावी गाडी थांबावी.