गृहपक्ष्यांचे आरोग्य आणि श्रावकधर्म
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



जीवदया म्हटले की समाजाच्या डोळ्यांसमोर पांजरपोळाचे चित्र उभे राहते. दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाने चालविलेले पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय तर जगभर ख्यातनाम आहे. पतंगाच्या मांजाने पंख कापले गेलेली कबुतरे तेथे आणली जातात आणि बरी झाल्यावर पुन्हा आकाशात सोडली जातात. परंतु घरच्या गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यातील पक्ष्याची गणना या जीवदयेत क्वचितच होते. वास्तविक त्याचे उत्तरदायित्व अधिक मोठे आहे. रानातला पक्षी अन्न, पाणी, ऊन, सावली स्वतः शोधतो. पिंजऱ्यातल्याला मालकाने दिले तेवढेच.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बंध म्हणजे कोंडणे आणि छेद म्हणजे अवयव कापणे. पंख कातरणाऱ्याने या शब्दापाशी क्षणभर थांबावे. म्हणून पक्षी नव्याने विकत न आणणे हेच उत्तम. राघू आणि डोंगरी मैना हे देशी पक्षी तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पाळताच येत नाहीत. मात्र पुष्कळ घरांत ऑस्ट्रेलियन बजरीगार (बाजारात याला सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात) किंवा कॉकॅटील आधीच आलेले असतात. पर्युषणात पुण्य म्हणून त्यांना उडवून देणे ही दया नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्याला येथे चारा शोधता येत नाही आणि कावळे त्याला सोडत नाहीत. त्याला आयुष्यभर नीट सांभाळणे एवढेच हाती उरते.

पक्षी आपला आजार लपवितो. दुबळा दिसला तर शिकारी प्रथम त्यालाच टिपणार, हे भय त्याच्या स्वभावातच आहे. त्यामुळे लक्षणे दिसतात तेव्हा रोग बहुधा पुढे गेलेला असतो. पिसे फुलवून बसणे, दिवसा पेंगणे, पिंजऱ्याच्या तळाशी उतरून राहणे, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणे, विष्ठेचा रंग बदलणे, यांतले एकही दिसले तर काम उद्यावर ढकलू नये. याहूनही आधी सूचना देतो तो वजनकाटा. बजरीगारचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर तोलून वहीत नोंद करावी. ३६ ग्रॅमचा पक्षी ३२ वर आला तर नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही, पण भांडवलाचा नववा हिस्सा गेलेला असतो. व्यापारी समाजाला याहून अधिक सांगणे न लगे.

आहाराविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. केवळ राळे-बाजरीवर ठेवलेल्या पक्ष्याला ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम अपुरे पडते. गाजर द्यावे असे सुचविले जाते. ज्या घरात कंदमूळ येत नाही, तेथे लाल भोपळा, ढोबळी मिरची आणि कोथिंबीर तेच काम करतात. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात अडकविला जाणारा पांढरा समुद्रफेस हा फेस नव्हेच. ते म्हाकुळाच्या जातीच्या सागरी जीवाच्या अंगातील कवच आहे. त्याऐवजी चुनखडीपासून केलेली खनिज वडी मिळते, ती मागून घ्यावी. आणि घरचा चौविहार पक्ष्याला लावू नये. पक्षी उजाडताच खाऊ लागतो, तो नवकारशीची वाट पाहत नाही. रात्री दाण्यापाण्याची भांडी काढून घेणे हाच अन्नपाननिरोध.

पिंजरा स्वयंपाकघरात नसावा. अति तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो. देवघरातील धूप आणि डासांची अगरबत्तीही दूरच बरी. रात्री पिंजऱ्यावर घालावयाचे कापड सुती, विरळ विणीचे आणि कडा दुमडून शिवलेले असावे. सुटा धागा बोटाला गुंडाळला गेला की रक्तप्रवाह थांबून बोट गळून पडते.

औषधाने जंतू मरतात, म्हणून उपचार टाळणारे काही सज्जन आढळतात. स्वतःच्या तापात मात्र त्यांना हा विचार सुचत नाही. उलट माणसाची गोळी चुरून चोचीत घालणारेही असतात. तेवढ्याशा देहाला मात्रा वजनावरूनच ठरवावी लागते, आणि बळेच ओतलेले औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. गुरे व कुत्री तपासणारा प्रत्येक पशुवैद्य पक्षी तपासतोच असे नाही. तेव्हा पक्षी ठणठणीत असतानाच असा वैद्य शोधून ठेवावा. मुंबईकरांना परळचे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय परिचित आहेच. नेताना लहान, हवेशीर पेटीत, झोत लागणार नाही असे झाकून न्यावे. पिंजऱ्याच्या तळाचा त्या दिवसाचा कागद जपून सोबत घ्यावा, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी वैद्य प्रथम विष्ठाच मागतात.

जय जिनेंद्र.