शाळेतलं गणित आणि गाठीवरचा उपचार
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



“तू कॉम्प्युटरवर नक्की काय करतेस गं?” असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून तेच सांगते.

मी सीटी स्कॅनच्या चित्रांवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. यकृतात कॅन्सरची लहान गाठ आहे आणि मोठं ऑपरेशन पेशंटला झेपणार नाही, अशा वेळी डॉक्टर पोट न उघडता कातडीतून सुई थेट गाठीत नेतात. मग विजेने किंवा मायक्रोवेव्हने ती गाठ जागच्या जागी तापवून मारतात. याला अब्लेशन म्हणतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हे उपचार होतात. सुईची दिशा आणि खोली धरून देणारं रोबोटिक यंत्र चेन्नईच्या परफिंट कंपनीने आपल्याच देशात बनवलं आहे.

६० अंशांना पेशी जवळजवळ लगेच मरते. पण १०० च्या पुढे गेलं की सुईभोवतीचा भाग करपतो आणि वीज पुढे पसरत नाही. मोठ्या जाळावरची भाकरी वरून करपून आत कच्ची राहते, तसंच.

आता आपलं दहावीचं गणित. “साइन-कॉस-टॅन कुठं उपयोगी पडणार?” असं आपण मागच्या बाकावर कुजबुजायचो. सुई १० सेंटीमीटर आत न्यायची आहे आणि कोन फक्त ५ अंशांनी चुकला, तर टोक जवळजवळ ९ मिलिमीटर बाजूला जातं. गाठीभोवती सुरक्षेसाठी ५ ते १० मिलिमीटरची निरोगी कडाही मारायची असते. ती सगळी त्या चुकीत जाते. त्यात श्वासागणिक यकृत वर-खाली सरकतं. म्हणून सुई पुढे सरकवताना पुन्हा पुन्हा स्कॅन पाहावा लागतो. सॉफ्टवेअर वाट सुचवतं. निर्णय आणि हात डॉक्टरांचाच.

दुसरं गणित गोलाच्या घनफळाचं. ३ सेंटीमीटरची गाठ ६ ची झाली, तर ती दुप्पट नाही, आठपट होते. हा उपचार साधारण ३ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीवर उत्तम लागू पडतो. त्यापुढे आमचं सॉफ्टवेअर कितीही अचूक असलं तरी फारसं हाती राहत नाही.

एवढ्या लहान गाठीला बहुधा दुखणंच नसतं. ती सापडते तपासणीत. म्हणून ज्यांना लिव्हर सिरोसिस आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी तपासणी कधीपासून करायची हे डॉक्टरांना विचारायचं. दारूमुळे लिव्हर खराब झालं की घरात ते लपवलं जातं आणि तपासणी राहून जाते. कुंडल हे प्रतिसरकारचं गाव. इंग्रजांना न घाबरलेल्या गावाने सोनोग्राफीला काय घाबरायचं?

आपण सगळे आता चाळिशी ओलांडलेले आहोत. बॅचच्या ग्रुपवर रोज ‘गुड मॉर्निंग’ येतं. त्याबरोबर कधीतरी “तपासणी केलीस का रे?” असंही विचारूया.

ज्यांनी फळ्यावर ही गणितं पुन्हा पुन्हा सोडवून दाखवली, त्या सर्व गुरुजनांना नमस्कार.